रोवणीनं नापास केलेलं नाटक

आमच्या झाडीत वाघ, हिवताप आणि माझा थोरला साडभाऊ या तिघांच्या तावडीतून कोणी सुटलेला माझ्या पाहण्यात नाही. वाघाचं एक बरं असते, पोट भरलं की तो निघून जाते. हिवतापावर कडू का होईना, गोळी मिळते. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या या नवऱ्यावर मात्र काही इलाज नव्हता. तो नाटकं लिहीत असे. लिहीत असे तर लिहो बापडा, पण दुसऱ्यानं कसं लिहावं हेही तोच सांगत असे, आणि विचारलं नसताना सांगत असे. समोर मी त्याला 'भाऊ' म्हणायचो. पाठीमागे काय म्हणायचो ते माझी बायको वाचते म्हणून इथं लिहीत नाही.

ही गोष्ट देश नुकताच स्वतंत्र झाला होता तेव्हाची. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातच होती. दिवाळी झाली, धान हाती आलं की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते आणि मंडईला नाटक पाहिजेच. नाटक नसलं तर पाहुणे येत नाहीत, पाहुणे नाही आले तर पोरींची लग्नं जुळत नाहीत, इतकी ती अडलेली गोष्ट. त्यामुळे गोंडपिपरीपासून अहेरीपर्यंत साडभाऊला मागणी फार. शाळेचे गुरुजी, जंगलखात्याचे गार्ड, असे लिहिण्याचे डोहाळे लागलेले सगळे त्याच्या ओसरीवर येऊन बसत. हा त्यांना काय शिकवी? म्हणे, मानाचा नारळ नेहमी पडदा उघडायच्या आधी घ्यावा. "पडदा पडल्यावर नाटक लिहिणाऱ्याले कोणी वळखत नाई. तवा नाचणारीले वळखतेत." असा त्याचा धंद्याचा पहिला धडा. मंडईच्या दिवशी हा पहिल्या रांगेत खुर्ची टाकून, नारळ मांडीवर घेऊन, नवरदेवासारखा बसे. मला अजून आठवलं तरी डोकं तापते.

त्याची एक छत्री होती. लिहिलेले कागद तो गुंडाळून त्या बंद छत्रीत खुपसून ठेवी. त्यामुळे पाऊस आला की छत्री उघडता येत नसे, आणि आमच्याकडचा पाऊस तर तुम्हाला ठाऊकच आहे. छत्री पोटाशी धरून नखशिखांत भिजलेला हा माणूस चिखल तुडवीत येताना दिसला की माझी बायको धावत टॉवेल घेऊन जायची. मी शेतातून तसाच भिजून आलो तर मला म्हणायची, "पाय धुऊन या आंधी."

नाटक लिहिण्याची त्याची रीत तर कोणत्याच पुस्तकात सापडायची नाही. आमच्याकडे ज्या घरानं नाटकासाठी धान दिलं त्या घरच्या एका तरी माणसाला नाटकात उभं करावं लागते. साडभाऊ आधी गावात फिरून कोण कसा चालतो, कोण कसा खाकरतो ते बघे आणि मग लिहायला बसे. एका गावी लोहाराचा पोरगा बोलताना अडखळायचा. सगळे म्हणाले, याला भालदार करा, नुसता उभा राहीन. साडभाऊ म्हणाला, "नाई. राजा करा. रागीट राजा. रागात माणूस अडखळतेच." तो पोरगा भर सभेत "म-म-मस्तक उडवा" म्हणाला तेव्हा बाया पदर चावून बसल्या होत्या. पुढे त्या पोराला सोयरिकी सांगून आल्या. याचं श्रेय कोणाला? साडभाऊला! पोराच्या बापानं दिलेलं धान कोणाच्या लक्षात नाही.

मी चौथीपर्यंत शिकलो आहे. त्या चौथीच्या बळावर मीही एक नाटक लिहिलं, 'खड्गधारी कनकसेन'. त्यात राजा, राजकन्या, कपटी प्रधान आणि बोलणारा पोपट होता. यंदा आमच्या गावच्या मंडईला माझं नाटक लागलं पाहिजे, दरसाल साडभाऊचंच काऊन, असं मी भर पारावर बोलून बसलो होतो. गावचे लोक म्हणाले, "लावू ना. पण तुमच्या साडभाऊनं हो म्हणलं पाहिजे." म्हणजे ज्याला पाडायचं त्याच्याच दारात जायची पाळी माझ्यावर आली. पारावर बोलून बसलेला माणूस मागे फिरला तर गावात राहायचं कसं? गेलो.

त्यानं कागदाला हातही लावला नाही. म्हणाला, "मी कोण पास करणारा? रोवणीले वाचून दाखव."

ही त्याची सगळ्यात मोठी खोड. धानाच्या बांधीत, म्हणजे पाणी भरलेल्या वाफ्यात, बाया वाकून पऱ्हे, धानाची रोपं, रोवत असतात. त्यांच्यासमोर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभं राहून नाटक वाचायचं. बायांचे हात थांबले तर ती जागा चांगली. हात चालू राहिले तर कापायची. आणि बायांनी आपलं गाणं सुरू केलं तर कागद घेऊन घरी जायचं. स्वतःचं प्रत्येक नाटक तो असंच वाची. त्यामुळे तो दिसला की शेतमालक लांबूनच ओरडत, "इकडं नका येऊ जी, रोवणी मागं पडते!" भल्या शेतकऱ्याच्या कामात असा खोडा घालणाऱ्याला आमचे लोक लेखक म्हणत. काय बोलावं?

तर त्याच्या गावच्या एका बांधीच्या धुऱ्यावर मी उभा राहिलो. मालक कपाळाला हात लावून बसला. साडभाऊ छत्री पोटाशी धरून बायांच्या हातांकडे बघत होता, माझ्याकडे नाही. मी आवाज चढवला. कनकसेनानं प्रतिज्ञा केली. बायांचे हात चालूच. प्रधानानं कट केला. हात उलट जोरात चालले. राजकन्येनं विष घेतलं, मी गहिवरून थांबलो, तेव्हा एक बाई मान वर न करता ओरडली, "अवो, पऱ्हे संपले, आना ना इकडं!" पहिला अंक संपला तेव्हा अख्खी बांधी रोवून झाली होती. मालक धावत आला आणि माझे हात धरून म्हणाला, "भाऊ, दुसरा अंक वरच्या बांधीत लावता का जी? अशी झपाट्यानं रोवणी माझ्या बापाच्या राज्यात नाई झाली!"

साडभाऊ हसला असता तर मी सोडून दिलं असतं. तो शांतपणे म्हणाला, "राजा पाहिला का तू कधी?"

मग माझं डोकं फिरलं. कागद काखेत मारले आणि मी तिथंच सुरू झालो. "राजा नाई पाहिला, पण तुमाले पाहिलं ना भाऊ! माझ्या लग्नात मंगलाष्टकं कोणी म्हणली? तुमी! सोतः रचून! सरता सरेनात. अंतरपाट धरणाऱ्या मामाचे हात भरून आले, पाट पडला खाली, अन मुहूर्ताच्या आंधी मी नवरी पाहिली. सासू रडून राह्यली, अन तुमी म्हणता, अजून एक कडवं हाय! सासऱ्याच्या घरी खुंटीवर तुमची छत्री, माझा फेटा जमिनीवर. तुमच्या ताटात मासोळीचं डोस्कं, माझ्या ताटात रस्सा. माझ्या बैलाले मी हाक मारली तर तुमी म्हणता, अशी नाई, करुण आवाजात मार!"

असं किती वेळ बोललो कोण जाणे. थांबलो अन पाहतो तर काय, सगळ्या बाया कमरेवर हात ठेवून उभ्या. पऱ्ह्यांमधून पाणी टपकत होतं. मघाची तीच बाई म्हणाली, "मंग? मंग काय झालं जी?"

"बंद करा जी!" मालक किंचाळला. "रोवणी थांबली!"

साडभाऊ बायांच्या हातांवरची नजर न काढता मला म्हणाला, "साडभाऊ, हे लिहून आण."

आणलं. रागारागात लिहून आणलं. मंडईला ते लागायचं ठरलं. पण त्यातल्या दुष्ट साडभाऊचं काम करायला कोणी तयार होईना, खऱ्या साडभाऊची भीती. शेवटी तोच उभा राहिला. तालमीत म्हणे, "इथी मले अजून एक टोमणा पाह्यजे. कमी पडून राह्यला." स्वतःच्या अपमानाची वाक्यं त्यानं माझ्यापेक्षा चांगली लिहून दिली. यालाही मी अपमानच समजतो. मंडईच्या दिवशी पडदा उघडायच्या आधी नारळ आला तेव्हा तो रंग फासलेल्या तोंडानं बाहेर आला, त्यानं मला ओढत नेऊन त्याच्या त्या खुर्चीवर बसवलं आणि नारळ माझ्या मांडीवर ठेवला. लोक पोट धरधरून हसले. नंतर मी विचारलं, "भाऊ, कसं झालं?" तर म्हणे, "मले काऊन विचारते? रोवणीले विचार." चांगलं झालं, एवढे दोन शब्द त्या माणसाच्या तोंडातून जन्मभर निघाले नाहीत.

तो गेला तोही बरोबर रोवणीच्या दिवसांत. आम्ही त्याला घेऊन धुऱ्याधुऱ्यानं नदीकडे निघालो. पाऊस लागला होता. त्याची छत्री माझ्या हातात होती आणि मलाही ती उघडवेना. दोन्ही बाजूंच्या बांधीत बाया रोवत होत्या. आम्हाला पाहून एक उभी राहिली, मग दुसरी, मग पार तळ्याच्या पाळीपर्यंत सगळ्या. मालक लोकही धुऱ्यावर उभे होते. कोणी ओरडलं नाही.

एवढी रोवणी त्याच्या कोणत्याच नाटकानं थांबवली नव्हती. मी सवयीनं मागे वळून पाहिलं, म्हटलं भाऊला दाखवावं.