रिकाम्या खोलीची हिअरिंग टेस्ट

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी ऐकून मी हसणाऱ्यांपैकी आहे. मूळची सांगोल्याची. लहानपणी वडिलांबरोबर शेळ्या घेऊन रानात मुक्काम केलेत, अंधाराचं कधी काही वाटलं नाही. गेली नऊ वर्षं सोलापुरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करते. मशीन विचित्र वागलं की त्याला कारण असतंच — वायर, धूळ नाहीतर माणसाची चूक. हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवते. म्हणूनच हे लिहायला बसेपर्यंत दोन महिने गेले.

सात रस्त्याजवळ एका मेडिकलच्या वर, पहिल्या मजल्यावर, कानाच्या तपासणीचं छोटं क्लिनिक आहे. तिथला कॉम्प्युटर अजून जुन्या विंडोज एक्सपीवर चालत होता! चालू करताना दर वेळी एफ-वन दाबायचं आणि चहा पिऊन यायचं... नवीन श्रवणयंत्रांचं सॉफ्टवेअर त्यावर चढेना, म्हणून तिथल्या मॅडमनी मला फोन केला. त्या स्वतः बाहेरगावी कॅम्पला होत्या.

"चारपर्यंत तयार ठेव गं. करमाळ्याहून सहा वर्षांची मुलगी येतेय. मागच्या वेळी कॉम्प्युटर अडला म्हणून परत पाठवलं बिचारीला."

क्लिनिकमध्ये फक्त नरसाक्का होत्या. साठीच्या, सोलापूरच्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. पेशंटला आत बसवायचं, कानाला हेडफोन लावायचे, हे काम सुरुवातीपासून त्यांचंच.

"लई जुनं हाय ओ हे," कॉम्प्युटरवर हात ठेवून त्या म्हणाल्या. "जपून करा की."

बॅकअप घेतला, नवी डिस्क बसवली, नवी सिस्टीम टाकली. अडीचपर्यंत सगळं सुरळीत. बाहेर मे महिन्यातलं ऊन, खालची दुकानं दुपारची बंद.

आता ती टेस्टची खोली कशी आहे ते सांगते. साउंडप्रूफ, बाथरूमएवढी. भिंतींना फोम, जाड दार आणि एक काच. पेशंट आत बसतो, तपासणारा काचेबाहेर. हेडफोनमध्ये बीप वाजतो. ऐकू आला की पेशंटनं हातातलं बटण दाबायचं, बाहेर स्क्रीनवर हिरवा ठिपका पेटतो. आत कुणी बोललं तर ते बाहेरच्या स्पीकरवर ऐकू येतं.

मॅडमनी फोनवर बजावलं होतं, "खोली रिकामी ठेवून एक पूर्ण टेस्ट चालव. एकही ठिपका यायला नको. आला, तर त्या पोरीला चुकीचं यंत्र बसेल."

मी टेस्ट चालू केली. पहिला बीप गेला... आणि ठिपका पेटला.

बटण अडकलं असेल म्हणून आत गेले. बटण खिळ्याला टांगलेलं होतं. त्याची पिनच काढली आणि बटण बाहेर आणून टेबलावर ठेवलं. दार लावून पुन्हा चालू केलं.

बीप — ठिपका. बीप — ठिपका.

बीप थांबवून मिनिटभर बघत बसले. एकही ठिपका नाही. पुन्हा बीप, पुन्हा ठिपका. आवाज बारीक होत गेला तसे ठिपके उशिरा यायला लागले... कुणीतरी कान देऊन ऐकतंय तसे. मग यायचेच थांबले. डाव्या कानाची टेस्ट सुरू झाली, तेव्हा तर एकही आला नाही.

सॉफ्टवेअर नुसतं दाखवायला खोटे ठिपके उमटवतं, तो डेमो मोड तपासला. बंद होता. सॉफ्टवेअर काढून परत टाकलं, तरी तेच.

"नरसाक्का, जरा इकडं या..." माझा आवाज मलाच वेगळा वाटला.

मग मी शब्दांची टेस्ट लावली. रेकॉर्ड केलेला एकेक शब्द हेडफोनमध्ये वाजतो आणि पेशंट तो परत म्हणतो. त्यात बटणाचा संबंधच नाही.

"पाणी," रेकॉर्डिंग म्हणालं.

स्पीकरमधून आलं, "पाणी."

हेडफोनचाच आवाज आतल्या माइकमध्ये शिरत असणार, मी स्वतःला समजावलं. पुढचा शब्द होता "खिडकी".

"खि... खिलकी."

रेकॉर्डिंगचा आवाज परत आला असता, तर त्यात शब्द चुकला नसता! काचेतून मी बघत होते. खुर्ची रिकामी, हेडफोन खुंटीवर. आवाज लहानाचा की मोठ्याचा, बाईचा की पुरुषाचा, मला आजही सांगता येणार नाही. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसा होता, एवढंच.

 मेन स्विच बंद करायला हात पुढे केला, तर नरसाक्कांनी मनगट धरलं.

"मधीच तोडू नका ओ टेस्ट."

त्यांनी आतल्या पेशंटशी बोलायचा माइक ओढून घेतला आणि रोजच्या आवाजात म्हणाल्या, "झालं हं. लई छान केलं. आता बाहेर या."

दाराचा दांडा हलला. ते जड दार आतून हळूहळू उघडलं. नरसाक्का उठल्या, दार धरून बाजूला उभ्या राहिल्या. मग जिन्यापर्यंत चालत गेल्या, सावकाश, कुणाच्या तरी बरोबरीनं.

"जपून उतरा."

मी खुर्चीत तशीच बसून होते. 

त्यानंतर तीनदा रिकामी टेस्ट चालवली. एकही ठिपका नाही. चारला मॅडम आल्या, करमाळ्याची मुलगी आली, तिची टेस्ट व्यवस्थित झाली. पण मॅडमना कॉम्प्युटरमध्ये बिननावाची फाइल सापडली.

"ही कुणाची? डावा कान पूर्ण गेलाय."

"माझीच. चेक करत होते," मी बोलून गेले.

"अगं, मग हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही!" असं म्हणत त्यांनी मला हाताला धरून त्या खोलीत बसवलं आणि दार लावलं. ती दहा मिनिटं मी कशी काढली, माझं मला माहीत. बसायची जागा कोमट लागत होती... मे महिना होता, खोलीत पंखा नाही. असेल त्यामुळे.

माझे दोन्ही कान ठणठणीत निघाले. मग मी मॅडमना सगळं खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. ती फाइल मात्र त्यांनी डिलीट करू दिली नाही.

मी ती सिस्टीम, ड्रायव्हर, वायरिंग सगळं पुन्हा पुन्हा तपासलंय. जाणकारांना विचारलंय. उत्तर मिळालेलं नाही. निघताना नरसाक्कांनाही विचारलं होतं, "आक्का, कोण होतं हो आत?"

"मला काय म्हाईत?" त्या हेडफोन पुसत होत्या. "बसलं होतं कोनतरी. आपण बोलावल्याबिगर कसं येईल बाहेर?"