भाऊजींच्या टर्बोचा राहिलेला रविवार

भाऊजी गेले तेव्हा त्यांच्या गाडीचं बॉनेट उघडंच होतं.

आज एक वर्ष झालं.

भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. माजरीला कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये डंपर दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आणि सुट्टीचे सगळे दिवस एका जुन्या, लाल, दोन दारांच्या जपानी टर्बो गाडीत.

आधीच्या मालकाने तिला भलामोठा टर्बो बसवून घेतला होता. भाऊजींनी तो काढून लहान बसवायचं ठरवलं.

मला कळेना. लोक गाडीचा जोर वाढवायला धडपडतात, हे कमी का करतायत?

"मास्तरीणबाई," ते म्हणाले. मी कॉलेजात बायोलॉजी शिकवते, त्यावरून हे नाव. "मे महिन्यात गेलेली लाईन परत आली का आधी कोणता पंखा भरात येते? छताचा का टेबलाचा?"

"टेबलाचा."

"हां. टर्बो बी पंखाच आहे. इंजिनच्या धुरावर फिरते अन् इंजिनलेच हवा कोंबते. मोठा असला का फिराले टाइम घेते. आपण पाय दाबून बसलो, अन् जोर येते मागून, आरामात."

"पण येतो तेव्हा भरपूर येतो ना?"

"भरपूर घेऊन करू काय? इथी दोनशेनं कुठी चालवतं? समोर सूरजागड खाणीचा ट्रक, बाजूले रानडुक्कर. मले ओव्हरटेक करतानी जोर तवाच पाहिजे. डुक्कर घरी गेल्यावर नाई."

त्यांच्याकडे मोजायचं यंत्र होतं. पण त्यांचा खरा विश्वास माणसाच्या पाठीवर.

वरोऱ्याकडच्या एका सरळ, मोकळ्या रस्त्यावर ते मला शेजारी बसवत. मी म्हणायचं, "आता." ते पाय दाबणार. माझी पाठ सीटला टेकली की मी म्हणायचं, "आली."

त्या दोन शब्दांमधली शांतता त्यांना कमी करायची होती. बस, एवढंच.

एकदा मी "आता" म्हटलं. जरा थांबले. "आली."

भाऊजी शांतपणे म्हणाले, "मी तं पाय दाबलाच नाई."

मी ओशाळले. मला खरंच जाणवलं होतं हो.

"माह्यं मन राखत नोको जाऊ. मन राखाले तुही बहीण आहे."

"ती कुठे राखते?"

"थेच तं."

पूर्वग्रह म्हणजे काय हे मी वर्गात शिकवते. तो पाठीतही असतो, हे त्या दिवशी कळलं.

मग लहान टर्बो आला. हवेचे लांबलचक पाइप कापून छोटे केले. जोडांवर साबणाचं पाणी लावून कुठे बुडबुडे येतात, म्हणजे हवा कुठे गळते, ते बघणं सुरू झालं. साबण अर्थात ताईचा, भांड्यांचा.

"गाडीले आंघोळ घालून राह्यले," ताई आतून म्हणायची, "अन् माही भांडी तशीच."

एका शुक्रवारी सगळं बसलं. इंजिन सुरू झालं. भाऊजींनी जागेवरच आवाज ऐकला, बंद केलं, म्हणाले, "रविवारी जाऊ."

शनिवारी सकाळी, हातात चहाचा कप असताना, ते गेले.

दहाव्याला वर्धा नदीवर कावळा पिंडाला शिवेना. पेन्शनचं बोलून झालं, घराचं झालं. शेवटी ताई स्वतः पुढे गेली.

"तुमची गाडी जमली का नाई, ते पाहून घेऊ आमी. जा आता."

कावळा आला.

मी तेव्हाही विचार करत होते. तो ताईच्या शब्दासाठी आला, की ताई पुढे गेल्यावर बाकीची गर्दी मागे सरली म्हणून? अजून ठरवता आलेलं नाही. ताईला मात्र शंका नव्हती. तिने शब्द दिला होता.

पण वर्षभर तिने ती गाडी अंगणाबाहेर जाऊ दिली नाही. वर्कशॉपमधल्या त्यांच्या मित्रांनी बॅटरी बदलली, तेल बदललं. चालवायला कोणालाच दिली नाही.

आज सकाळी म्हणाली, "काढ."

आधीची गाडी माहीत असलेली पाठ माझीच. म्हणून मी चालवायची. आणि जी बाई "त्या डब्यात मी बसणार नाई" म्हणत आली, ती शेजारी बसली.

तोच सरळ रस्ता. दोन्ही बाजूंना कपाशी.

"आता," ताई म्हणाली.

मी पाय दाबला.

"आली."

"आधीपेक्षा लवकर?"

"खूप लवकर."

"मंग झालं त्याइचं काम."

हो म्हणणं किती सोपं होतं. तिला तेवढंच ऐकायचं होतं. आणि मला तरी खात्री कुठे होती? वर्षभरापूर्वीचं पाठीला कितीसं आठवणार?

"ताई, पुन्हा म्हण."

तिने पुन्हा म्हटलं. आणखी पुन्हा. दर वेळी "आता" आणि "आली"च्या मध्ये काहीतरी उरत होतं. इवलंसं. पण होतं.

"अजून थोडी वाट पाहायला लावते, ताई. पूर्ण नाही झालं."

ती माझ्याकडे वळली.

"नक्की?"

"नक्की."

"मंग त्याइनं घरी जाऊन पुन्हा खोलली असती."

"जेवायच्या आधी."

"अन् माही साबण पुन्हा गेली असती."

ती हसली. तिचं ते हसणं मी विसरत चालले होते.

घरी आल्यावर मी पाणी प्यायला आत गेले. बाहेर आले तर बॉनेट उघडं. ताई समोर उभी, हातात वाटी, वाटीत साबणाचा फेस.

"थो पाइप कोणता?"

"गरम आहे अजून."

"मंग थांबू."

आम्ही दोघी पायरीवर बसलोय. इंजिन थंड होतंय, तोवर हे लिहिलं.

भाऊजी, तुमची गाडी अजून जरासा उशीर करते. मन राखून सांगत नाही.

तुम्हाला आमच्या दोघींचा नमस्कार.