खडीवर वाचलेली कादंबरी

बहात्तरच्या दुष्काळात कामावर मला हातोडी कधी नीट धरता आली नाही. उमरग्याजवळ रस्त्याची खडी फोडायचं काम होतं, आणि माझ्या हातून दगडापेक्षा बोटंच जास्त फुटायची. शेवटी बायकांनीच तोड काढली. माझ्या वाट्याची खडी त्यांनी फोडायची आणि दुपारी भाकरीच्या सुट्टीत मी त्यांना पुस्तक वाचून दाखवायचं. मुकादम बघून न बघितल्यासारखं करायचा. मेला तोही जरा लांब बसून ऐकायचा.

पुस्तक आमच्या शाळेतल्या बाईंनी दिलेलं. कादंबरी होती. शहरातल्या एका बाईचा नवरा वारतो, ती दुःखातून हळूहळू कशी उठते आणि एका भल्या माणसावर तिचा जीव कसा जडतो, त्याची. बाई म्हणाल्या होत्या, हे वाचून माणसाला उभारी येते, तुझ्या आक्काला ऐकव, आणि बायकांना काय वाटलं ते मला येऊन सांग.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आदल्या उन्हाळ्यात तिच्या सासरची विहीर खोल करताना दरड कोसळली आणि दाजी खालीच राहिले. तेव्हापासून आक्का आमच्याकडं होती, माझ्याबरोबर खडीवर यायची, पण बोलत नव्हती. म्हणजे मुकी झाली नव्हती. मीठ दे, घागर उचल, एवढं बोलायची. पण तिच्या मनात काय चाललंय हे देवालासुद्धा कळलं नसतं. मला रात्रंदिवस एकच घोर, ही जिवाचं काही बरंवाईट करून घेईल. टँकरवरून यायला तिला जरा उशीर झाला की मी वाटेवर जाऊन उभी राहायची. लोक म्हणायचे, कशाला भितीस, विहिरींना पाणी कुठंय. पण कोरड्या विहिरीतही माणूस मरतं हे आमच्या घराइतकं कुणाला ठाऊक होतं?

त्यात आबांनी, आमच्या वडलांनी, तिचं म्होतूर ठरवत आणलं. म्होतूर म्हणजे नवरा मेलेल्या बाईचं दुसरं लग्न. आमच्यात ते पहिल्यापासून चालतं, त्यात नवल काही नाही. वाजंत्री नाही, मांडव नाही. अंधार पडल्यावर चार माणसं जमतात, पाट मांडतात, आणि उजाडायच्या आत बाई नव्या घरी. सकाळी तिचं तोंड कुणी बघायचं नाही. माणूस तामलवाडीचा होता, बायको गेलेला, पोरं पदरात. आबांनी आक्काला सांगितलं तेव्हा ती मिलोचं, म्हणजे रेशनवर मिळणाऱ्या अमेरिकेच्या ज्वारीचं, लाल पीठ चाळत होती. चाळतच राहिली. आबा म्हणाले, न्हाय म्हणली न्हाय, म्हंजी व्हयच. मला तसं वाटत नव्हतं. पण आबांपुढं बोलायची माझी काय टाप होती?

तर अशा दिवसांत मी ही कादंबरी वाचत होते. पुढच्या पानावर काय निघेल आणि आक्काच्या मनाला काय लागेल, या भीतीनं मी दर पानाला तिच्याकडं बघायची. बायकांना त्याचं काही नव्हतं. त्यांची तक्रार वेगळीच. पुस्तकातली बाई दुसरं लग्न करावं का नको या विचारात पानंच्या पानं झुरत होती, तिच्या घरचे धाय मोकलून रडत होते, साऱ्या शहरात बोंब उठली होती. सीमेकडची एक म्हातारी होती, निम्मं कानडी बोलणारी. तिनं कपाळाला हात लावला.

"अय्यो, एका म्होतराला एवढं मोठं पुस्तक? आमच्यात भाकरी करपायच्या आत उरकतंय."

सगळ्या खो खो हसल्या. एकीला राग आला होता तो भलताच: हिला रडायला एवढा वेळ कसा मिळतो, हिची भांडी कोण घासतं? बौद्धवाड्यातली एक सून म्हणाली की आमच्यात आता असलं लपूनछपून नसतं, दिवसाउजेडी होतं, सगळ्यांच्या देखत. आक्का मान खाली घालून कामावर खायला वाटलेली सुकडी चघळत होती.

मग तो प्रसंग आला. पुस्तकातला माणूस त्या बाईला विचारतो, तुमची इच्छा असेल तरच, नसेल तर मी पुन्हा विचारणार नाही. म्हातारी म्हणाली, इचारतंय काय खुळं, घिऊन जा की. पुन्हा हशा. त्या हशात आक्का म्हणाली, "परत वाच."

मी वाचलं.

"परत."

मी पुन्हा वाचलं. म्हातारीच्या हातातला घास हातातच राहिला. आक्का माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती. मुकादमानं हाळी दिली तशी ती उठली आणि हातोडी घेऊन बसली. दुपारभर मी तिच्यापासून हलले नाही.

संध्याकाळी आबा दारात बसून पायांच्या भेगांना तेल लावत होते. आक्का त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"आबा, त्या माणसाला दिवसा बोलवा. त्यानं मला इचारू द्या."

"काय इचारायचं?"

"येतीस का, म्हणून."

"आन् तू न्हाय म्हणलीस तर?"

"तर न्हाय."

आबांनी तिच्यावरची नजर माझ्याकडं वळवली. हे कुठून आलंय ते त्यांना बरोबर कळलं होतं. पुस्तक चुलीत घालीन म्हणाले, पायतानानं हाणीन म्हणाले, लोक तोंडात शेण घालतील म्हणाले. जेवले नाहीत. पण पोरगी कितीतरी महिन्यांनी त्यांच्याशी एवढं बोलली होती, हे त्यांच्याही ध्यानात आलं असणार. त्याच आठवड्यात तामलवाडीला निरोप गेला. मला आणखीनच धास्ती. असला निरोप ऐकून तो माणूस फिरलाच तर? आणि आला, आणि आक्का नाही म्हणाली, तर आबा तिला घरात ठेवतील का?

तो आला. भर दुपारी, एस्टीनं, धुतलेला सदरा घालून. गल्लीतली सगळी दारं उघडी. आबांना आत थांबायची लाज वाटली, ते लिंबाखाली जाऊन बसले. मी चुलीपाशी, गुळाचा चहा उकळून उकळून निम्मा झालेला. माणूस उंबऱ्याच्या आत टेकला आणि स्वतःच्या पायांकडं बघत म्हणाला, "येता का?" कादंबरीतल्यासारखं काही नाही, एवढंच.

आक्का भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "आमच्या मालकांची आठवण आली की मला रडू येतंय. तुमच्या घरात रडले तर चालंल का?"

त्यानं वर बघितलं. "पोरं बी रडत्यात आईसाठी," तो म्हणाला. "मी दटावतो. दुसरं काय येत न्हाय मला."

"दटावू नका," आक्का म्हणाली. "मी येते."

बाहेरून आबा दबक्या आवाजात मला हाका मारत होते, काय म्हणाली, काय म्हणाली ती. मी लिंबाखाली गेले, पण रडू आवरेना आणि तोंडातून शब्द फुटेना. आबा माझ्याकडं बघत राहिले. मग डोक्याचा पटका काढून त्यांनी मांडीवर ठेवला.

"बरं," ते म्हणाले. "न्हाय तर न्हाय. ऱ्हाऊ दे तिला हितंच."