चुलीकडे ओढ, तुळशीकडे वळव

ठाकुर्लीहून बैलगाडी परत आली, पण गाडीवानाने बैल सोडले नाहीत. एरवी अंगणात शिरायच्या आधीच तो पाणी मागायचा. त्या दुपारी जू तसंच ठेवून उभा राहिला. मी ओटीवरून ओरडले, "अरे, स्वारीला कुठे सोडून आलास? जेवायला ठेवून घेतलं की काय तिकडे?" तो म्हणाला, "आये, त्या म्हाताऱ्याचा पाय बसवला बाबांनी. हात धुतलं. मंग भितीला टेकून बसलं, ते... उठलंच नाय." मी हसले. खरंच सांगते, हसले. मला वाटलं, दोघांनी मिळून माझी फजिती करायचं ठरवलंय. आमच्या घरात असल्या सोंगांना कधी तोटा नव्हता. मग गाडीतल्या पेंढ्यावर पांघरलेलं उपरणं दिसलं.

नवऱ्याचं नाव घेत नाही. इतक्या वर्षांची सवय, ती आता काय मोडणार. कल्याणात सगळे 'हाडवैद्य' म्हणत, तेच मीही लिहिते. खाडीवरचे खलाशी, मिठागरातले आगरी, आगगाडीच्या कामावरचे मजूर, कुणाचा खांदा निखळला, कुणाची कंबर धरली, की आमच्या ओटीवर येऊन विव्हळायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा हे विव्हळणं ऐकून मला भारी मौज वाटे. काय अक्कल होती! चिंचेचे आकडे चोखत दाराआडून मी लोकांची तोंडं बघत बसायची.

एकदा स्वारीच्याच पाठीत उसण भरली. सासूबाई म्हणाल्या, "कुणी पायाळू असेल तर बोलवा, पाठीला पाय लावू दे." जन्मताना पाय आधी बाहेर आले, तर त्या माणसाच्या पायाने उसण जाते म्हणतात. मी जन्मले ती चांगली डोकं पुढे करून. पण नवऱ्याला लाथ मारायची एवढी नामी संधी पुन्हा कधी यायची? मी पदर चावत म्हटलं, "मी आहे ना पायाळू." आणि अशी सणसणीत दिली की स्वारी पालथीच झाली. उसण गेली की नाही, देव जाणे. रात्री इकडून विचारणं झालं, "खरी पायाळू का गं?" मी मान खाली घालून नाही म्हटलं. मला वाटलं, आता माहेरी धाडतील. तर म्हणाले, "पायात एवढा जोर आहे, तर हातात किती असेल?"

तिथून माझे हात कामाला लागले. बायकांच्या अंगाला स्वारी हात लावीत नसे, आणि बायकाही लावू देत नसत. माजघराच्या दाराला पडदा. आत पाटावर बाई, नेहमी त्याच जागी, देवघराकडे तोंड करून. तिच्या पाठीशी मी. पडद्याबाहेर ओटीवर स्वारी. मी चाचपून सांगायचं, खळगा कुठे पडलाय, हाड कुठे वर आलंय, आणि बाहेरून हुकूम यायचा. पहिल्याच दिवशी हुकूम आला, "उजवीकडे वळव." मी म्हटलं, "कुणाच्या उजवीकडे? माझ्या, हिच्या, की तिकडच्या?" पाटावरची बाई ओरडली, "मेल्यांनो, आधी ठरवा की!" बाहेर हसू आवरेना. मग आवाज आला, "चुलीकडे ओढ. आता तुळशीकडे वळव." कट्‌ झालं. खांदा बसला. त्यानंतर जन्मभर आमच्यात उजवं-डावं आलंच नाही. चूल, तुळस, देवघर, विहीर, एवढ्याच आमच्या दिशा. सासूबाई शेजारणींना सांगत, "बाकीच्या सुना दिवसाउजेडी नवऱ्याशी बोलत नाहीत. आमची पडद्याआडून भांडते."

नातवंडं झाली तरी हे चालूच. थोरल्या नातीच्या ठकीचा, त्या लाकडी बाहुलीचा, हात उखडला, तर तिलाही पाटावर बसवली. आजोबा बाहेरून गंभीरपणे विचारतात, "बाईंना फार दुखतंय का?" नात आतून सांगते, "रडतेय, पण लाजते." "मग आजीला म्हणावं, चुलीकडे ओढ." मी ठकीचा हात ओढते आहे, नात तिचं तोंड दाबून धरते आहे, आणि ओटीवर खरेखुरे दुखणेकरी खोळंबलेत... त्या आजोबांना आता कुठून आणू?

स्वारी गेल्यावर मुलाने मला ठाण्याला आणलं. तो इथे कचेरीत आहे. कल्याणचं घर भाड्याने दिलं. या विधवेच्या अवतारात बाईला कोण विचारतं. मनाशी एकच धरून होते. स्वारी गेली तरी त्यांचा गुण माझ्या हातांत उरलाय. तेवढा तरी जळला नाही.

गेल्या पंधरवड्यात शेजारची गोदूताई ओल्या पायरीवरून घसरली. खांदा निखळला. तिच्या सासूने माझं तोंड बघून आधी मान फिरवली, पण पोरीच्या किंकाळ्या ऐकवेनात. म्हणाली, "बसवा हो, तुम्हांला येतं म्हणतात." मी गोदूताईला पाटावर बसवलं, मागे उभी राहिले. खळगा बोटांना लागला. हाड कुठे आहे ते कळलं. आणि ओढायचं कुठे ते कळेना. इथली चूल पाठीमागे. तुळस खाली चौकात, दिसतसुद्धा नाही. देवघर भलत्याच कोपऱ्यात. मी डोळे मिटले, कल्याणचं माजघर आठवलं, हात पुढे नेला, मागे घेतला. माझ्या हातांनी आजवर दिशा अशी कधी विचारलीच नव्हती. त्यांना सांगितलं जायचं. मी थांबले. कशासाठी थांबले, ते गोदूताईला काय सांगू? बाहेरून कुणी बोलेना. "काकू, करा ना काहीतरी," ती रडत होती. शेवटी मी हात काढून घेतले. तिला दुसऱ्या वैद्याकडे नेलं.

मी मुलाला म्हटलं, "एकदा मला कल्याणला ने. त्या जागी पाट मांडून बसते, म्हणजे हातांना आठवेल. मग सुनेला शिकवीन." तो मग म्हणाला, "आई, भाडेकरूंनी चूल मागच्या पडवीत हलवलीय. धूर होत होता म्हणे."

धूर होत होता खरा. आम्ही जन्मभर खोकलो त्यात.

आता दुपारी सगळी निजली की मी भिंतीकडे तोंड करून बसते आणि ते घर मनात मांडते. इथे ओटी, इथे पडदा. आवाज तर येत नाहीच. निदान भिंती तरी जागेवर राहाव्यात म्हणते, तर त्याही राहीनात. काल विहिरीपाशी अडकले. मुलाला हाक मारली. "अरे, आपली विहीर तुळशीच्या अलीकडे की पलीकडे?"

तो हातातलं काम ठेवून आला. म्हणाला, "मला नाही गं आठवत, आई."

त्याचा जन्म त्या घरातला.