तिचा शिरो आणि माझं पिठलं

माझ्या मुलीला पिठलं आवडत नाही. इथे परदेशात, चोआ चू कांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये दर शनिवारी पिठलं होतं आणि दर शनिवारी ती "दॅट यलो थिंग" म्हणून वाटी बाजूला सारते. तीच मुलगी मैत्रिणींबरोबर एका इथिओपियन हॉटेलात जाऊन आली आणि तिथल्या 'शिरो'चं कौतुक करत सुटली. मी गुपचूप फोनवर शोधलं. शिरो म्हणजे हरभऱ्याचं पीठ, कांदा, लसूण आणि तिखट. म्हणजे पिठलंच की! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

रविवारी दुपारी मीच म्हटलं, चल, मलाही दाखव तुझं हॉटेल. नवरा कामाचं निमित्त काढून घरी राहिला, शहाणा आहे.

जिना चढून वर गेलं की सहा टेबलं. हॉटेल एक इथिओपियन जोडपं चालवतं; नवरा आत स्वयंपाक करतो, बाकी सगळं बायको बघते. माझ्याच वयाची असावी. मुलीला बघताच ती "माय गर्ल!" म्हणत आली आणि तिच्या गालाला गाल लावला. माझी मुलगी लाजली, हसली. ती स्वतः इथे चौथ्यांदा येतेय, हे तिने मला तिथे सांगितलं. घरी 'एकदाच गेले' असं सांगितलं होतं.

परातीएवढं ताट आलं. त्यात जाळीदार, आंबूस, आंबोळीच्या जातीची इंजेरा अंथरलेली आणि तिच्यावर भाज्यांचे, डाळींचे ढीग. मधोमध शिरो. सगळ्यांनी त्याच ताटातून हाताने खायचं. माझ्यातली पुण्याची बाई लगेच जागी झाली. उष्टंखरकटं मला लहानपणापासून चालत नाही. मी वेगळी प्लेट आणि चमचा मागितला. मुलीने कपाळाला हात लावला. हॉटेलच्या बाईंनी मात्र हसत दोन्ही आणून दिलं, तेही मला आवडलं नाही. थोडं वाईट तरी वाटून घ्यायचं.

मग त्या हात धुऊन आल्या. इंजेराचा तुकडा तोडला, त्यात शिरो गुंडाळला आणि मुलीच्या तोंडापुढे धरला. "गुरशा," त्या मला म्हणाल्या. "आमच्याकडे माया असली की असं भरवतात." मुलीने आ केला. चांगला मोठा, दाढा दिसतील असा. वाढदिवसाला मी औक्षण करून पेढा भरवायला जाते, तर ही तो हातात घेते आणि अर्धा तोडून ठेवते. शेवटचा घास माझ्या हातून कधी खाल्लान, मला आठवतसुद्धा नाही. माझ्या पोटात दुखत होतं, दुसरं काही नाही. त्या बाईंचा मला इतका राग आला की त्यांच्या नखांत घाण आहे का, ते मी बघून घेतलं. नव्हती.

दुसरा घास त्यांनी माझ्यापुढे धरला.

"नको, पोट भरलंय," मी म्हटलं. माझी प्लेट कोरी होती, चमचा तर धुतल्यासारखा स्वच्छ. मुलगी पुटपुटली, "आई, प्लीज. इट्स रूड." बाईंचा हात तसाच हवेत थांबला. त्या हसत होत्या, पण हात कुठे न्यावा ते त्यांना कळत नव्हतं. असा थांबलेला हात मला चांगला ओळखीचा आहे, घरी रोज माझाच हात असा थांबतो. मी तोंड उघडलं.

पीठ खमंग भाजलेलं होतं. माझं पिठलं कधी कधी कच्चट राहतं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. "एकावर थांबायचं नसतं," म्हणत त्यांनी आणखी एक भरवला आणि दुसऱ्या टेबलाकडे गेल्या.

मला एकदम धीर आला. मी प्लेट सरकवली, त्याच ताटात हात घातला, मोठासा तुकडा तोडला, भरपूर शिरो घेतला आणि लेकीपुढे धरला. "हं, आ कर."

तिने आजूबाजूच्या टेबलांकडे बघितलं. "आई, नॉट हिअर, लाह," ती इथल्या मुलांसारखा हेल काढून म्हणाली.

"आत्ता तर खाल्लास की त्यांच्या हातून!"

"आंटी फक्त भरवत होत्या," ती हळूच म्हणाली. ती रागावली नव्हती, तेच वाईट होतं. "यू वॉन्ट टू विन."

खरंच होतं. मला जिंकायचंच होतं. इंजेरा भिजून मऊ पडायला लागली, शिरो बोटांवरून मनगटाकडे ओघळला. पलीकडून बाई टिश्यू घेऊन येताना दिसल्या. त्या पोचायच्या आत मी तो घास स्वतःच्या तोंडात घातला.