डाव्या चाकाची लाल रेघ

आमच्या ह्यांचा विश्वास फक्त नटबोल्टांवर, माणसांवर नाही. तीस वर्षं बसच्या डेपोत फिटर होते. निवृत्त झाल्यावर मागच्या शेडमध्ये दोन माणसांचं विमान बांधायला घेतलं, त्याला आता सात वर्षं झाली. येत्या रविवारी हे स्वतः ते उडवणार होते आणि माझा जीव टांगणीला लागला होता. कारण डाव्या चाकाचा चार नटबोल्टांवर बसवलेला पाय काही केल्या घट्ट राहत नव्हता.

नट आवळला की हे त्या नटावरून बोल्टावर जाणारी लाल रंगाची एक रेघ ओढत. नट जरा फिरला तरी रेघ तुटते, त्यात लबाडी चालत नाही. रोज सकाळी हे रेघ तपासत, तुटलेली असली की नट आवळून नवी ओढत, ती वाळली की विमान मागच्या माळावर पळवून आणत आणि शेडला कुलूप लावत. दुसऱ्या दिवशी रेघ पुन्हा तुटलेली!

"कुणीतरी हात लावतंय," हे म्हणाले.

आधी संशय शेजाऱ्यावर, कारण इंजिनच्या आवाजाने तो वैतागलेला. मग सख्ख्या धाकट्या भावावर. भाऊजी बिचारे एवढंच म्हणाले होते, "दादा, जुने लॉकनट परत वापरू नकोस. आतली प्लास्टिकची कडी झिजते, मग ती पकडत नाही." ह्यांना वाटलं, आपल्या कामात खोट काढतोय. आमच्या घरात वाकडा खिळासुद्धा फेकला जात नाही, तिथे नट कोण फेकणार?

"तुला हे विमान उडायलाच नकोय. तुझ्याकडची शेडची किल्ली ठेव इथे."

भाऊजींनी किल्ली ठेवली आणि चहा न घेता गेले. मला फार वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, थोडा संशय मलाही आला होता. ती किल्ली मी गळ्यात अडकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेघ तुटलेली. हे वळून माझ्याकडे बघायला लागले.

"किल्ली तुझ्याकडे होती ना?"

चाळीस वर्षांच्या संसारात मला इतकं कधी लागलं नव्हतं. उचलली जीभ लावली टाळ्याला! त्या दिवशी विमान माळावरून परतलं, तसं ह्यांना खाली उतरूही न देता मी टॉर्च घेऊन चाकापाशी बसले.

"अहो, बघा. रेघ आत्ताच तुटलीय. आता कोण आलं होतं हात लावायला?"

डेपोत गाडी सकाळी, निघण्याआधी तपासत. ह्यांची तीच सवय. परतल्यावर बघायचं कधी सुचलंच नव्हतं. ह्यांनी नट धरला, तर तो पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी फिरला.

फोन मीच केला. भाऊजी तासाभरात आले. खिशातून नव्या लॉकनटांची पुडी काढली. किल्ली ठेवून गेले त्या दिवशीही ती खिशातच होती म्हणे. चारही नट बसवले, आवळले आणि रंगाचा ब्रश ह्यांच्यापुढे धरला.

"रेघ तूच ओढ, दादा. उद्या पुन्हा माझ्यावर संशय नको."

सात वर्षांत तो ब्रश ह्यांनी मलाही धरू दिला नव्हता. ह्यांनी हात मागे घेतले.

"तूच ओढ," हे म्हणाले, आणि रेघ ओढून होईपर्यंत मान वर केली नाही.