पेशीतली साखर

दीपमाला पगारे नाशिकच्या एका संशोधन केंद्रात तंत्रज्ञ आहे. जिवंत पेशींमधली साखर बघणं हे तिचं काम. त्या पेशींमध्ये एक खास प्रथिन घातलेलं असतं; साखर त्याला चिकटली, की निळ्या उजेडात ते हिरवं चमकतं. ही चमक इतकी मंद, की मायक्रोस्कोपच्या खोलीत पूर्ण काळोख लागतो. मोबाइल बाहेर कपाटात ठेवावा लागतो.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी ती बाहेर आली, तेव्हा फोनवर सात मिस्ड कॉल होते. सगळे शेजारच्या राखीचे. दीपमालाची आई, नवसाबाई, मधुमेहाचं इन्सुलिन टोचून गल्लीत बारशाला गेली होती. तिथं जेवणाला उशीर झाला आणि साखर उतरली. गरगरायला लागलं म्हणून ती तशीच घरी येऊन पडली. वडील, सावळीराम, बँकेत गेलेले. राखी डबा परत द्यायला आली, तर नवसाबाई घामानं चिंब, हाक मारली तरी डोळे उघडेना. काय करायचं ते विचारायला राखी फोन लावत राहिली. शेवटी तिनंच रिक्षा बोलावली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दीपमाला रडली नाही. बायका म्हणाल्या, "रड गं, मोकळी हो." तिनं मान हलवली आणि चहा किती जणांचा ठेवायचा ते विचारलं.

आईच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर ती कामावर गेली. त्या आठवड्यात पेशींची साखर काढून घ्यायचा प्रयोग होता.

"हे मी करते, तू राहू दे," विभागप्रमुख सरोजिनी मॅडम म्हणाल्या.

"मीच करते, मॅडम."

तिनं साखर नसलेलं द्रावण सोडलं. पडद्यावरच्या पेशी मंदावत गेल्या. ती वहीत वेळ लिहीत होती. अकराव्या मिनिटाला तिनं ग्लुकोज सोडलं. पेशी पुन्हा उजळल्या.

"किती वेळ लागला?" मॅडमनी मागून विचारलं.

"चाळीस सेकंद."

मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. हात आहे हे तिला कळलं, एवढंच. असा प्रयोग तीनदा करावा लागतो. तिनं तीनदा केला.

नंतर अर्ज देऊन तिनं त्या खोलीत घंटीचा साधा फोन बसवून घेतला. सावळीराम रोज एक वाजता त्यावर फोन करायचे.

"काही नाही, जेवलो ते सांगायला."

"बरं, पप्पा."

वर्षभरानं शोधनिबंध छापून आला. दीपमालाचं नाव शेवटून तिसरं. तिनं प्रिंट घरी आणली. सावळीरामांनी चष्मा लावून हिरवे फोटो पाहिले.

"यात काय दिसतं?"

"पेशीतली साखर. कमी झाली की उजेड कमी होतो."

"बाहेरून कळतं?"

"या पेशींचं कळतं."

त्यांनी चष्मा काढून प्रिंटवर ठेवला. दीपमालानं कुकर लावला आणि ओट्यापाशी उभी राहिली. किती शिट्ट्या झाल्या ते तिच्या लक्षात राहिलं नाही. सावळीरामांनीच उठून गॅस बंद केला.